अर्ध्या तासाच्या सिस्टर

आमच्या सिस्टरांचा बर्फावरसुद्धा विश्वास नव्हता. बुधवारी सकाळी लसीचा डबा आला की झाकण उघडून आतला बर्फाचा पॅक त्या आधी गालाला लावत, मग कानाजवळ नेऊन हलवत. आत थोडं पाणी खळखळलं पाहिजे. बर्फ फारच घट्ट असेल तर काही लसी गोठून वाया जातात आणि पार पाणी झालं असेल तर उष्णतेनं जातात. डबा आणणारे काका कित्येक वर्षं हेच काम करत होते. ते म्हणत, "सिस्टर, मी काय रस्त्यात बर्फ चाटायलो का?" सिस्टर थर्मामीटरवरची नजर न काढता म्हणत, "काका, तुमच्यावर पूर्ण इश्वास हाय. बर्फावर न्हाई."

मग बाटल्या. लसीच्या बाटलीवर एक छोटा गोल असतो आणि गोलाच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो. आम्ही कॉलेजात हे पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहिलं होतं. सिस्टर प्रत्येक बाटली दारात उजेडाला नेत आणि एक डोळा बारीक करून बघत, सोनार नथीतला मोती बघतो तशी. "फिका म्हंजे किती फिका, हे पुस्तकात न्हाई," त्या एकदा मला म्हणाल्या. "डोळ्याला शिकवावं लागतं."

हे सगळं नांदेड जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रातलं आहे. गावाचं आणि तालुक्याचं नाव मी सांगत नाही, कारण पुढं माझ्या हातून जे झालं त्याचा डाग तिथल्या कुणाला नको.

मी मूळची चाकूर तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. लातूरला नर्सिंगची पदवी घेतली, परीक्षा दिली आणि समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून इथं आले. पदाचं नाव मोठं होतं, पण नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की काम बघून पुढचा आदेश निघतो, किंवा निघत नाही. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या पहिल्या आदेशाची झेरॉक्स लॅमिनेट करून देवघराशेजारी लावली होती. सुट्टीला गेले की शेजारपाजारचं कोणीतरी ती वाचत उभं असायचं. खाली बारीक अक्षरात लिहिलेली मुदत मात्र मी एकटीच वाचायचे.

सिस्टर कायम नोकरीतल्या होत्या आणि निवृत्तीला वर्षभरच उरलं होतं. कागदावर मी वरची, गावात त्या. लोक मला मॅडम म्हणत आणि औषध त्यांना विचारत. त्यासुद्धा मला मॅडमच म्हणत, अहो-जाहो करत. पण त्यांच्या तोंडून 'मॅडम' ऐकलं की वाटायचं, आपण शाळेत आहोत आणि बाईंनी आपल्याला 'या शहाण्या' म्हटलंय.

गावात त्यांना 'अर्ध्या तासाच्या सिस्टर' असं नाव पडलं होतं. लस टोचल्यावर लेकराला अर्धा तास तिथंच बसवून त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हा नियम सगळीकडंच आहे. पण बहुतेक ठिकाणी दहाव्या मिनिटाला बाया उठतात आणि नर्सही दुसऱ्या कामाला लागते. आमच्या सिस्टर टोचून झालं की आईच्या हातातलं लसीचं कार्ड काढून घेत आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवून देत. अर्धा तास झाल्याशिवाय कार्ड मिळत नसे. घड्याळ त्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, त्यामुळं किती वेळ झाला हे फक्त त्यांनाच दिसे. एकदा सरपंचांच्या सुनेला न्यायला जीप आली आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. सिस्टर सुनेला म्हणाल्या, "त्याला बी टोचू का? म्हंजे त्यो बी बसंल अर्धा तास."

आणि त्याच अर्ध्या तासात त्या वही काढत.

जुन्या रजिस्टरांची कोरी पानं कार्डाच्या मापात कापून, टाके घालायच्या दोऱ्यानं शिवलेली ती जाड वही होती. कपाटातून कुलूप काढून यायची आणि परत कुलपात जायची. उंबऱ्याशी खुर्ची टाकून, वही स्वतःकडं उभी धरून, सिस्टर व्हरांड्यात बसलेल्या बायांकडं आणि लेकरांकडं टक लावून बघत आणि पेन्सिल चालवत. पुन्हा बघत, पुन्हा चालवत. कोणी जवळ आलं की वही मिटे. लसीकरण नसेल त्या दिवशी अवजारं उकळायला ठेवून स्टोव्हसमोर बसत, तेव्हाही वही मांडीवर असायचीच. एवढ्या कामात या बाईंना रोज लिहायला वेळ कुठून मिळतो, आणि लिहितात तरी काय, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळं प्रत्येकाला माहीत होतं.

पुरुषमंडळी म्हणत, दोन लेकरं झालेल्या बायांची यादी आहे, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केससाठी. म्हाताऱ्या म्हणत, लेकराकडं असं टक लावून बघणं बरं नाही, दृष्ट लागते. गयाआजी तर वही निघाली की नातवाच्या तोंडावर पदर टाकायच्या आणि सिस्टर तो दर वेळी बाजूला करायच्या. "तोंड दिसू द्या, आजी." "कामून?" "अर्धा तास झाला की झाका."

आमच्या गावची आशाताई, म्हणजे घरोघर जाऊन बायांना केंद्रात घेऊन येणारी आशा कार्यकर्ती, मला पहिल्याच महिन्यात बाजूला घेऊन म्हणाली होती, "मॅडम, तुमच्या आधीच्या मॅडम सहा महिन्यांत कामून गेल्या, ठाव हाय का? वही."

"काय लिहिलं होतं वहीत?"

"ते कसं ठाव असंल? वही कुणी बघितली का?"

यात पुरावा काहीच नव्हता. पण अकरा महिन्यांच्या माणसाला पुरावा लागत नाही. मी लक्ष ठेवायला लागले. मला दहा मिनिटं उशीर झाला की सिस्टर मनगट उलटं करून बघत. मी मोबाईल हातात घेतला की वही उघडे. माझं निम्मं काम मोबाईलवरच होतं. गरोदर बायांच्या नोंदी, बीपी-शुगरच्या नोंदी, लेकरांच्या नोंदी, एका ॲपमध्ये भरलेलं तेच दुसऱ्यात. पण लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? मॅडम मोबाईल घेऊन बसल्यात. मला हळूहळू खात्रीच झाली की सिस्टर माझा एकेक दिवस तारखेनिशी टिपून ठेवत आहेत आणि अकराव्या महिन्यात ती वही कुणाच्या तरी टेबलावर जाणार आहे.

नववा महिना चालू असताना एका दुपारी सिस्टर गृहभेटीला गेल्या होत्या. जुलाबानं गळालेली एक बाई आली आणि ओआरएसची पाकिटं कपाटात होती. मी फोन केला. सिस्टरांनी किल्लीची जागा सांगितली आणि म्हणाल्या, "पाकिटं वरच्या कप्प्यात हायत. वरच्याच." त्या बाईला पाणी पाजलं, घरी पाठवलं, आणि मग मी खालच्या कप्प्यातली वही उचलली. उघडताना पानांमधून कापसाची एक बारीक वात खाली पडली. दवाखान्यातल्या कपाटात कापूस असायचाच, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

जे पान उघडलं त्यावर मी होते. टेबल, खुर्ची, माझी वेणी, माझ्या हातातला मोबाईल, सगळं हुबेहूब. फक्त तोंडावर डोळे नव्हते, त्यांच्या जागी कोरा कागद होता. वर तारीख. आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक्स.

हा एक्स काय ते सांगायला हवं. पोलिओच्या मोहिमेत आम्ही घरोघर फिरतो. घरातल्या सगळ्या लेकरांना डोस मिळाला की दाराशेजारी खडूनं पी लिहायचा. एखादं लेकरू राहिलं, घर बंद असलं, कोणी नको म्हणालं, तर एक्स. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये कुणाचे किती एक्स यावरूनच बोलणी बसतात. त्या आठवड्यात आमच्या स्वप्नातही एक्स येतो. दोनच महिन्यांपूर्वी मी स्वतः कितीतरी भिंतींवर तो काढला होता, आणि काढताना त्या घराचा मनातून रागही केला होता. आता तो माझ्यावर होता. फाटक वाजल्यासारखं झालं. मी दुसरं एकही पान न बघता वही जागेवर ठेवली आणि कुलूप लावलं.

पुढच्या मासिक सभेत तालुक्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि तुमच्या उपकेंद्राच्या नोंदी मागे का, असं विचारलं. नोंदी मागे होत्या हे खरं होतं. मी म्हणाले, सिस्टरांची मदत होत नाही, त्या ड्यूटीच्या वेळेत स्वतःच्या वहीत काहीतरी नोंदी करत बसतात. साहेबांनी विचारलं, कसल्या नोंदी? मी म्हणाले, माहीत नाही. वहीत चित्र आहे हे मला माहीत होतं. मी तरी 'नोंदी' म्हणाले. तो शब्द मी येताना एसटीत ठरवून आले होते.

साहेब त्याच बुधवारी आले. व्हरांड्यात सात-आठ बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या, सिस्टर उंबऱ्याशी, कार्डं मांडीखाली, वही हातात. साहेबांनी वही मागितली. सिस्टरांनी मनगट उलटं करून बघितलं. "अजून बारा मिनिटं हायत, सर. मग देते." साहेबांचा हात पुढंच राहिला. तेव्हा सिस्टरांनी वही दिली आणि म्हणाल्या, "मग तेवढा वेळ लेकरांकडं तुम्ही बघा."

साहेब उभ्यानंच पानं उलटायला लागले. मी त्यांच्या मागं होते, त्यामुळं मलाही दिसत होतं. पानागणिक एक लेकरू होतं. झोपलेलं, रडून लाल झालेलं, मूठ चोखणारं. कातडीचा रंग जखमेवर लावायच्या तपकिरी औषधाचा, पाणी घालून कुठं फिका कुठं गडद केलेला. सावल्या तोंड आल्यावर लावतात त्या जांभळ्या औषधाच्या. एकीच्या पायात गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे वाळे चिकटवलेले. एका तान्ह्याला कापसाची टोपी. प्रत्येक पानावर तारीख, प्रत्येक पानावर वेळ. सिस्टरांच्या बोटांवरचे जांभळे डाग मी इतके महिने बघत होते. नर्सच्या बोटांना असायचेच, असं समजत होते.

बाया आधी बसून बघत होत्या, मग एकेक उठली. "अय, ही माझी पिंकी हाय की." "ह्यो बघ, तुझा बारक्या, नाक बघ त्याचं." साहेबांभोवती घोळका झाला आणि पानं बायाच उलटायला लागल्या. गयाआजी घोळक्यात शिरल्या, नातवाचं पान डोळ्यांशी नेलं आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "तीट हाय का पर?"

सिस्टर जागेवरूनच म्हणाल्या, "समद्यांना लावली हाय, आजी. एकाला बी सोडलं न्हाई."

खरंच, प्रत्येक लेकराच्या गालावर काळा ठिपका होता. आजींनी नातवाच्या तोंडावरचा पदर काढला तो परत टाकला नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते, पण इतक्या लांब आल्यावर रिकामं जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ड्यूटीवर चित्रकला करता का, असं म्हणून त्यांनी वही तपासणीसाठी सोबत नेली. आठवड्यानं खुलासा मागणारी नोटीस आली. नोटीस आली त्या पूर्ण दिवसात सिस्टरांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. एवढं बघणारी बाई बघत नाही, म्हणजे तिचं बघून झालेलं असतं, हे मला तेव्हा उमगलं.

खुलासा त्यांनी माझ्याच टेबलाशी बसून लिहिला. मला वरच्या ओळी दिसल्या: 'लस दिल्यानंतर अर्धा तास निरीक्षण करावे असा नियम आहे. निरीक्षण कसे करावे हे नियमात दिलेले नाही. मी असे करते.' मग त्यांनी खाली अजून काही लिहिलं आणि ते लिहिताना डावा हात आडवा धरला. आता आपलं नाव गेलं, असंच वाटलं.

वही नसलेला पहिला बुधवार मला चांगला आठवतो. बाया बसल्या, कार्डं मांडीखाली गेली, आणि सिस्टरांचे हात मांडीवर रिकामे पडले. थोड्या वेळानं बोटं पदराच्या काठावर फिरायला लागली. मग त्या उठल्या, जुन्या रजिस्टरचं एक कोरं पान फाडलं, पेन्सिल घेतली आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. "माझी वही गेली. लेकरावरची नजर कशी जाऊ द्यायची? तुम्ही काढा."

मला चित्र येत नाही, म्हणाले. शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्हांला गणित शिकवायचे. नोंदी राहिल्यात, वेळ नाही, हेही म्हणाले.

"टायम कुणालाच मिळत न्हाई, मॅडम. बायांना बसवतो तसं सोताला बसवावं लागतं." मग खुर्ची जवळ ओढून, बायांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, त्यांनी मला पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगितली. हिमायतनगरकडच्या एका गावात त्या नवीन लागलेल्या होत्या. एक बाई म्हणाली, गाडी जाईल माझी. सिस्टरांनी पाचव्या मिनिटाला जाऊ दिलं. गावाबाहेरच्या ओढ्याजवळ लेकरू निळं पडलं. एका सायकलवाल्यानं त्याला तसंच परत आणलं म्हणून इंजेक्शन वेळेत देता आलं. "रडलं त्ये. रडलं तवा मी बी रडले." तेव्हापासून त्या सगळ्यांना अर्धा तास बसवत होत्या. पण नुसतं बघत बसलं की पाच मिनिटांत मन घरी जातं, भाकरीकडं जातं. चित्र काढलं की जात नाही. ओठ काढायचे तर ओठ कोणत्या रंगाचे आहेत ते बघावंच लागतं. "इश्वास ठेवला की दिसायचं बंद होतं," त्या म्हणाल्या. "शंका घेऊन बघा. मग नाक, मग ओठ, मग नखं."

इतकी वर्षं गाव ज्या वहीवर संशय घेत होतं, ती वही म्हणजे या बाईंचा स्वतःवरचा संशय होता.

मी काढलं. सिस्टरांनी कागद उजेडाला नेला, एक डोळा बारीक केला. "हे लेकरू हाय का भोपळा?"

"लेकरू आहे."

"भोपळा बी चालंल. पर ह्यो भोपळा निळा पडला तर तुम्हाला कळंल का?"

पुढच्या बुधवारी मी भोपळ्याला ओठ काढले. त्याच्या पुढच्या बुधवारी शासनाच्या कसल्याशा अभियानात दिवस गेला आणि त्यानंतरचा नोंदींत. दोन आठवडे हुकल्यावर मी म्हणाले, जाऊ द्या सिस्टर, मोडलंच आता, पुढच्या महिन्यापासून नव्यानं सुरू करते. सिस्टर एका लेकराचं कार्ड तपासत होत्या. त्या लेकराचा दुसरा डोस राहून गेला होता. कार्ड माझ्यापुढं धरून त्यांनी विचारलं, "ह्याचा डोस चुकला. आता पहिल्यापासून टोचू का?"

"नाही. राहिला तिथून पुढं."

"मग चित्राला कामून येगळा नियम?"

एवढंच. सवय कशी लावावी यावर मी पुढं मोबाईलवर पुष्कळ काही वाचलं, पण कामाला आलं ते हे कार्ड. चांगलं पान, वाईट पान असा शब्द त्यांच्याजवळ नव्हता. पान आणि तारीख. रंगही त्यांनी विकत घेऊ दिले नाहीत. जे टेबलावर आहे तेच वापरायचं, म्हणजे रंग संपले हे कारण मिळत नाही. "कारणावर लक्ष ठेवा," त्या म्हणायच्या. "लई गुपचूप येतंय."

हे सगळं चालू असताना मला एक प्रश्न कुरतडत होता. तक्रार मी केली हे यांना माहीत असेल का? माहीत असेल तर मला शिकवतात कशाला? त्यातही मला काहीतरी डाव वाटायचा. माझा स्वभाव तेव्हा एवढा बिघडला होता.

अकरावा महिना संपायला आठ दिवस असताना तालुक्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मी घरी कोणाला सांगितलं नाही. साहेबांनी फाईल उघडली, सिस्टरांचा खुलासा काढला आणि खालच्या ओळी मला वाचायला दिल्या. त्यांनी हातानं झाकलेल्या त्या ओळी अशा होत्या: 'मॅडमच्या नोंदी मागे राहतात, कारण त्या बायांचे पूर्ण ऐकून घेतात व मग भरतात. नोंदी नंतर भरता येतात. मॅडमला बदलू नये.' आदेश निघाला. एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. शेजारच्या मावशींनी विचारलं, माहेरी कुणी आजारी हाय का?

सिस्टरांची निवृत्ती महिनाअखेरीला होती. शेवटच्या बुधवारी त्यांनी स्वतः ऑफिसात जाऊन वही सोडवून आणली. त्या दिवशी बाया अर्धा तास उलटून गेल्यावरही उठेनात. गयाआजी नातवाला घेऊन आल्या होत्या, त्याला लस नव्हती तरी. शेवटी सगळ्या गेल्या, आशाताई झाडू मारून गेली, आणि सिस्टर मला म्हणाल्या, "बस पोरी. अर्धा तास."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. मी बसले. मोबाईल पर्समध्ये टाकायला लावला. त्यांनी वही उभी धरली आणि पेन्सिल चालायला लागली. पाचेक मिनिटं गेली. मग म्हणाले, "सिस्टर, तक्रार मी केली होती."

"हलू नको."

"वही मी उघडली होती."

"कापूस खाली पडला होता," पेन्सिल न थांबवता त्या म्हणाल्या. "वही मिटली की ठेवते मी. ओआरएसच्या दिवशी फरशीवर होता."

म्हणजे साहेब येण्याआधी त्यांना माहीत होतं. नोटीस येण्याआधी, तो खुलासा लिहिण्याआधी, माझ्यापुढं कागद ठेवण्याआधी. मी मान खाली घातली. त्या लगेच म्हणाल्या, "मान वर."

मी विचारलं, "मग माझ्या पानावर एक्स का काढला होता?"

आता पेन्सिल थांबली. "मोहिमेत एक्स काढतो, त्यो कुणाच्या नावानं असतो? घराच्या का टीमच्या?"

"टीमच्या."

"मग? घर बंद होतं, ह्यात घराचा काय दोष. टीमनं परत जायचं असतं. तीनदा काढायला बसले तुला. दर टायमाला तुझे डोळे त्या मोबाईलात. माझं काम राहिलं म्हणून एक्स." त्यांनी वहीवरून माझ्याकडं बघितलं, चौकोन बघायच्या तसं, एक डोळा बारीक करून. "रडायलीस तर रड. पर वर बघून रड. डोळे काढायचेत."

मी वर बघून रडले. अर्धा तास झाला तेव्हा त्यांनी मनगट उलटं केलं, लाल पेन्सिल उचलली, कोपऱ्यात काहीतरी केलं आणि वही मिटली.

"पी केलं का, सिस्टर?"

"मी वही कुणाला दाखवत न्हाई," त्या म्हणाल्या आणि पानांमध्ये कापूस ठेवला.

त्या आता देगलूरला लेकीजवळ राहतात. बुधवारी दुपारी त्यांचा फोन येतो. तब्येत-पाणी काही विचारत नाहीत; आज काढलं का, एवढंच. मी काढलेल्या पानाचा फोटो पाठवते म्हणाले तर म्हणाल्या, "फोटोवर माझा इश्वास न्हाई. रंग बदलतो त्यात." त्यांच्या वहीतल्या माझ्या पानावर शेवटी एक्स राहिला का पी झाला, हे मी दर दोन-तीन महिन्यांनी विचारते. उत्तर एकच, येऊन बघ.

उंबऱ्याशी आता मी बसते. माझीही वही जुन्या रजिस्टरांचीच आहे, टाक्यांच्या दोऱ्यानं शिवलेली. कार्डं मांडीखाली ठेवते. आदेश अजूनही अकरा महिन्यांचाच निघतो आणि नोंदी अजूनही मागे असतात. परवा गावात नवीन आलेली एक सून आशाताईला हळूच विचारत होती, मॅडम टक लावून बघून काय लिहायल्यात? आशाताई म्हणाली, "कुणाला ठाव. वही कुणी बघितली का?" तिनं वही दहा वेळा तरी बघितली आहे. मी वही त्या सुनेकडं फिरवली. तिनं आधी गालावर तीट आहे का ते बघितलं, मग बाळाचं टोपरं नीट केलं आणि परत बसली.

माझ्या वहीत एकाच पानावर एक्स आहे. खुर्ची, मनगटाच्या आतलं घड्याळ, मांडीखालून डोकावणारं कार्ड, बारीक केलेला एक डोळा, एवढं सगळं आठवणीतून निघालं. दुसरा डोळा निघत नाही. चार वेळा खोडला, आता कागद विरायला आला आहे. येत्या रविवारी देगलूरला जायचं ठरवलं आहे. त्यांना अर्धा तास बसवावं लागेल.